दारातली पऱ्हाटी

कापूस फुटायला लागला की मला माझाच आवाज ऐकू येतो. ही काही लिहिणाऱ्याची ऐट नाही, खरंच येतो. सकाळी धुक्याची धुई पडलेली असते, रस्त्याकडेच्या बाभळींनी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवरून ओरबाडलेला कापूस काट्यांवर लटकत असतो, वेचणीच्या बाया ओट्या बांधून वावराकडं निघालेल्या असतात, आणि दोन गल्ल्या पलीकडून मी बोलत येतो. चहाची बशी हातात तशीच राहते. माझी बायको शोभा म्हणते, "काऊन थांबले? टीव्ही असंल कोणाचा." टीव्ही नाही हे तिला माहीत असतं, मलाही माहीत असतं. तरी आम्ही दोघं मान हलवतो आणि चहा संपवतो.

माझं काम आवाजाचं आहे. घर आणि वावर जवळच्याच खेड्यात, पण चिखलीत बस स्टँडच्या मागं माझं छोटं दुकान आहे, भोंगे आणि माइक भाड्यानं देतो. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गोधड्या आणि अंड्यांचे ट्रे ठोकलेत, ती माझी रेकॉर्डिंगची खोली. साड्यांचा सेल, बियाण्याची जाहिरात, सर्कस, उद्या पाणी येणार नाही, अमक्याचं दुःखद निधन, तमक्याला प्रचंड बहुमतानं विजयी करा, हे सगळं मी त्या खोलीत बसून बोलतो आणि ऑटोवरचा भोंगा ते तालुकाभर फिरवतो. मला तोंडावरून कोणी ओळखत नाही. भाजी घेताना तोंड उघडलं की मात्र बाया चमकून पाहतात. एकदा एक म्हातारी मला म्हणाली, "बाप्पा, माह्या मालकाच्या मौतीचं तूच सांगितलं होतं." 

हे मी नव्या आमदारसाहेबांसाठी लिहितो आहे, आणि त्यांच्यासोबत निवडून जाऊन सत्तेत बसलेल्या सगळ्यांसाठी. सल्ला द्यायचा मला काही अधिकार नाही. माझ्याजवळ एक मत होतं, ते मी देऊन बसलो. पण तुमचं बोलणं ज्या भोंग्यातून बाहेर पडतं तो भोंगा माझा आहे, आणि बाहेर पडल्यावर ते कुठं कुठं जातं हे तुमच्यापेक्षा मी जास्त पाहिलं आहे. तुम्ही बोलून पुढच्या गावाला जाता. मला त्याच गावात राहावं लागतं.

मागच्या खेपेची निवडणूक अशीच कापसात आली होती. तेव्हा जे उभे होते त्यांना सगळे भाऊ म्हणत, मीही म्हणत असे. एका दुपारी भाऊ स्वतः दुकानात आले, माझ्या मोडक्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "किसनराव, ते विकासबिकास राहू द्या आता. लोकायच्या डोक्यात बसलं पाहिजे असं काहीतरी द्या."

त्या साली बोंडअळीनं आमचं कंबरडं मोडलं होतं. माझ्या वावरातलं एक बोंड मी आदल्याच दिवशी फोडून पाहिलं होतं. वरून कसं साबूत, हिरवं, टणक. आत गुलाबी अळी पसरून बसलेली आणि कापसाची पिवळी कवडी झालेली. ती अळी फुलातून आत शिरते आणि तिच्यामागं भोक बुजून जातं, म्हणून बाहेरून काही कळत नाही. कृषी खात्याची माणसं दर वर्षी येऊन सांगतात की हंगाम संपला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी खोडं, उपटून नष्ट करा, नाही तर ती पुढच्या साली परत येते. तो राग माझ्या डोक्यात होताच. मी पाच मिनिटांत लिहिलं आणि भाऊंसमोर आवाज लावून म्हणून दाखवलं: "बंधूंनो, वरून दिसते आपल्यासारखी, आतून पोखरते आपलीच बोंडं. बोंडअळी ओळखा. पऱ्हाटीसकट जाळा."

भाऊंनी मांडीवर थाप मारली. "वा किसनराव. जमलं." मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी शोभासाठी पेढे नेले. ते पेढे आठवले की आज लाज वाटते. पण तेव्हा माझ्या मनात एकही माणूस नव्हता. देवाशपथ सांगतो, कोणाचंही तोंड माझ्या डोळ्यांसमोर नव्हतं. मी नुसता एक शब्द मोकळा सोडला होता, आणि गावानं त्याच्यासाठी घर शोधून दिलं.

ते घर उत्तमचं होतं. उत्तम माझ्या शाळेपासूनचा दोस्त, आमच्याच गल्लीत तीन घरं सोडून राहणारा. त्याचा भाजीचा मळा होता, कडेला थोडी कपाशी. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे निघेल ते तो आणि त्याची माय गल्लीच्या तोंडाशी पोतं अंथरून विकत. मायचं नाव सरू, सगळं गाव तिला सरूमाय म्हणायचं. तिचे कान कधीच गेले होते. ढोल वाजला तरी तिला पत्ता नसायचा, पण तोंडाकडं पाहून ती अर्धं बोलणं ओळखायची. उत्तम आमच्याच समाजाचा, आमच्याच गल्लीचा, पण निवडणुकीत बसायचा दुसऱ्या बाजूच्या बूथवर. बापापासून चालत आलेलं होतं ते. मतदान संपलं की तोच माझ्या ऑटोत मागं बसून चहाला यायचा आणि म्हणायचा, "पडले लेका तुमचे, लिहून घे." पडले नाहीत तर पुढचे आठ दिवस चहा त्याच्याकडून. एवढंच आमचं राजकारण होतं.

भोंग्याची एक गोष्ट तुम्हाला मंचावर उभं राहून कधीच कळणार नाही, म्हणून सांगतो. जवळून सगळं वाक्य ऐकू येतं. ऑटो लांब गेला, वारा फिरला, मध्ये घरं आली की वाक्याचा पुढचा भाग गळून जातो. शेवटचा शब्द तेवढा येतो. माझा ऑटोवाला भगवान त्या दिवसांत सकाळी आठला निघायचा आणि तेच रेकॉर्डिंग दिवसभर फिरत राहायचं. मी वावरात असायचो. चारी बाजूंना पांढरा कापूस, बाया खाली वाकून मुकाट्यानं वेचत असलेल्या, आणि दूरच्या एखाद्या खेड्यावरून माझ्याच आवाजात नुसतं यायचं: "जाळा." मग बराच वेळ काही नाही. मग परत, "जाळा." बंधूंनो नाही, बोंड नाही, अळी नाही. एक बाई एकदा कंबर सरळ करून माझ्याकडं पाहत राहिली. मी तिथंच होतो आणि माझा आवाज तिकडून येत होता. मग परत वेचू लागली.

कॉलेजात असताना मी आणि उत्तम एकदा एसटीनं लोणारला गेलो होतो. सरोवराच्या वरच्या काठावर उभं राहून त्यानं खाली हाक मारली, माझंच नाव घेऊन. हाक खाली उतरली. झाडं हलली नाहीत, पाणी हललं नाही. आम्ही ती परत यायची वाट पाहत थांबलो. शेवटी उत्तम म्हणाला, "गेली बे. ठेवून घेतली त्यानं." आम्ही हसलो, पण उतरताना दोघंही हळू आवाजात बोलत होतो. त्या निवडणुकीत मला ती दुपार फार वेळा आठवली.

उत्तमला कोणी शिवी दिली नाही. कोणी हात लावला नाही. पोलिसात सांगावं असं एकही घडलं नाही, हे नीट लक्षात घ्या. फक्त पोत्यासमोर आलेलं गिऱ्हाईक वांगं हातात घ्यायचं, उलटं करायचं आणि देठाखाली भोक आहे का पाहायचं. वांग्याला सगळेच भोक पाहतात. पण हे लोक वांग्याकडं पाहून झालं की मान वर करून उत्तमकडं पाहायचे, तितक्याच बारकाईनं. मग वांगं खाली ठेवायचे आणि निघून जायचे. लहान लेकरं त्याच्या मागून जाताना अगदी बारीक आवाजात 'अळी' म्हणायची. चिडवण्याचा सूर नसायचा त्यात. 'झाड' म्हणावं, 'दगड' म्हणावं, तसं म्हणायची. मला त्याचीच जास्त भीती वाटली. तरी मी रेकॉर्डिंग बदललं नाही. प्रचाराचे चारच दिवस उरले होते, भाऊ खूश होते, आणि मी मनाला सांगत होतो की हे निवडणुकीपुरतंच आहे.

एका संध्याकाळी उत्तम दुकानात आला. बसला नाही, दारातच उभा राहिला. म्हणाला, "किसन, तुहा आवाज लय चांगला आहे बे. मायले सोडून साऱ्यायले ऐकू येते."

मी म्हणालो, "तुह्यासाठी नाही रे ते. तुले माहीत आहे."

"मले माहीत आहे," तो म्हणाला. "त्यायले सांग."

मी कोणालाच सांगितलं नाही.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पऱ्हाटी वाळली की तेच आमचं सरपण. कोणाचं सरपण भिजलं, संपलं, घरात आजारपण आलं, तर शेजारी पहाटे त्याच्या दारात एक जुडी टाकून जातात. कोणी टाकली ते सांगत नाहीत, विचारतही नाहीत. सांगितलं तर उपकार होतो, आणि सरपणाचा उपकार करायचा नसतो. ज्याला मिळालं तो आपली पऱ्हाटी निघाली की तशीच गुपचूप एकेक जुडी परत टाकतो. उसनं होतं, फिटलं.

भाऊ निवडून आले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धुई इतकी दाट होती की समोरचं घर दिसत नव्हतं. मी तोंड धुवायला बाहेर आलो तेव्हा गल्लीत माणसं उभी होती, पण आवाज नव्हता. धुई विरळ झाली तसं दिसलं. उत्तमच्या घराभोवती पऱ्हाटी रचलेली होती. मागच्या सालच्या, वाळून करड्या झालेल्या जुड्या, एकीला एक लावून, दारासमोरून, न्हाणीमागून, गोठ्याकडून, घराला पूर्ण वेढा घालून गुडघाभर उंचीची ओळ. कुठं फट नव्हती. उंबऱ्यासमोर जुडीवर एक काडेपेटी ठेवली होती, नवीकोरी. कोणी पेटवलं नव्हतं. पेटवायचं नव्हतंच बहुतेक. रचलं कोणी ते आजही कोणाला माहीत नाही, आणि तेवढं सगळं एका माणसाचं काम नव्हतं. उभ्या असलेल्या माणसांत मीही होतो. आम्ही सगळे एकमेकांच्या हातांकडं पाहत होतो.

उत्तम आतून दार उघडून उंबऱ्यात उभा राहिला. त्याचा चेहरा मी सांगणार नाही. मग त्याच्या हाताखालून वाकून सरूमाय बाहेर आली. तिनं इकडून तिकडं पाहिलं, चालत जाऊन घराला एक चक्कर मारली, आणि परत दारात येऊन कपाळाला हात लावला. बहिऱ्या माणसाचं बोलणं मोठं असतं, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "अवं माय, इतकं सरपण. किती माया करते गाव." तिनं काडेपेटी उचलून पदरात बांधली, पहिली जुडी काखेत मारली आणि आत गेली. थोड्या वेळानं घरातून धूर निघाला. चहाचा धूर होता. आम्ही सगळे पांगलो.

त्या हिवाळ्यात सरूमायनं तो वेढा रोज थोडा थोडा जाळला. मी दुकानाला जाताना पाहायचो. आधी दारासमोरचा भाग गेला, मग न्हाणीकडचा. तिच्या भाकरीचा वास गल्लीत यायचा आणि माणसं मान खाली घालून निघून जायची. मला ती वाटेत अडवून म्हणायची, "किसना, एकट्याचं नोय हे सरपण, साऱ्या गल्लीचं आहे. माही पऱ्हाटी निघाली की घरोघरी देजो म्हणून सांगितलं उत्तमले. उसनं ठेवू नाही." तिला खरं काय ते सांगावं म्हणून कितीदा तोंड उघडलं. तालुक्याला ऐकू जाणारा माझा आवाज त्या म्हातारीसमोर बाहेर पडत नव्हता.

उन्हं तापायला लागली तेव्हा सरूमाय गेली. दोन दिवस ताप आला आणि संपली. उत्तमचा फोन आला, "नातेवाइकायले सांगावं लागन. ऑटो फिरव." मी स्वतः गोधड्यांच्या खोलीत बसून रेकॉर्डिंग केलं: "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, सरूबाई यांचे अल्पशा आजाराने निधन झाले असून, अंत्ययात्रा दुपारी चार वाजता राहत्या घरून निघेल." आवाज दोनदा फुटला, तिसऱ्यांदा नीट आला.

आमच्या धंद्यात मेमरी कार्डावरचं जुनं रेकॉर्डिंग कोणी पुसत नाही. सेलचं पुढच्या सेलला चालतं, सर्कशीचं पुढच्या सर्कशीला. नवं टाकायचं, तेच तेच वाजत राहावं म्हणून एक बटण दाबायचं आणि ऑटो सोडायचा. मी नवं टाकलं. भगवान घाईत होता. बटण दाबलं गेलं नाही की खड्ड्यात धक्क्यानं सुटलं, ते कळलं नाही. आजूबाजूची खेडी फिरून तो चारच्या सुमाराला गावात शिरला. आम्ही सगळे उत्तमच्या दारात होतो. तिरडी बांधून झाली होती. उत्तम विस्तवाचं मडकं घेऊन पुढं उभा होता. भोंगा जवळ येत गेला. राहत्या घरून निघेल, इथपर्यंत मी दुःखात बोललो. मग दोन क्षण नुसती खरखर आली. आणि मग तोच मी, भरलेल्या, जिंकलेल्या आवाजात: "बंधूंनो, वरून दिसते आपल्यासारखी."

भगवानला बंद करता करता वेळ लागला. सगळं वाक्य पुरं झालं. पऱ्हाटीसकट जाळा, इथं येऊन थांबलं.

कोणी हललं नाही. मडक्यातला धूर उत्तमच्या तोंडावर येत होता, त्यानं तोंड फिरवलं नाही. खांदा द्यायला मी पुढं होतो, माझा खांदा तिरडीच्या बांबूखाली होता. उत्तमनं एकदा वळून पाहिलं. भोंग्याकडं नाही, माझ्याकडं. आणि चालायला लागला.  तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो बायको-लेकरं घेऊन पुण्याकडं निघून गेला, मळा बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला देऊन. घराला कुलूप. वेढ्यातल्या शेवटच्या दोन-चार जुड्या मागच्या भिंतीला टेकून उभ्याच होत्या. त्या कोणी नेल्या नाहीत. आमच्या गावात बेवारस सरपण दोन दिवस राहत नाही, ते तिथंच कुजलं.

मी कार्ड मोडून टाकलं. काय उपयोग. तोवर ते तालुकाभर लोकांच्या मोबाइलमध्ये गेलं होतं. पुढं एकदा भाऊंची भेट झाली, मी हे सगळं सांगितलं. ते मनापासून हळहळले, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "अरेरे. पण किसनराव, ते निवडणुकीपुरतं होतं ना." भाऊंसाठी ते खरंच निवडणुकीपुरतं होतं. मुंबईला, नागपूरला ज्यांना आम्ही अळी म्हणत होतो त्यांच्याच शेजारी बसून ते जेवत होते. मग आम्हाला कशाला बोलायला लावलं, हे मात्र मी विचारलं नाही.

आणि आता पुन्हा कापूस फुटलाय. या खेपेला भाऊ पडले आणि तुम्ही आलात, साहेब. उत्तमच्या बाजूचे. निकालानंतर दोनच दिवसांनी उत्तमच्या घराचं कुलूप निघालं. केस पिकलेत त्याचे, एकटाच आलाय. गल्लीतून गेला तेव्हा सगळ्यांनी वाकून रामराम केला. मोठ्यांचं पाहून लेकरंही हात जोडून उभी होती. त्याच आठवड्यात तुमचे कार्यकर्ते माझ्या दुकानात आले. चांगली, हसरी माणसं. म्हणाली, "किसनभाऊ, तुमचं ते अळीवालं काढा. तेच लावायचं. आता अळी तिकडं आहे." आणि तुमच्या सत्काराच्या सभेत, साहेब, तुम्ही स्वतः म्हणालात की पाच वर्षं ज्यांनी पोखरलं त्यांचा बंदोबस्त होईल. टाळ्या पडल्या. मी माइकजवळच उभा होतो. तुम्ही नाव घेतलं नाही. मीही घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धुई होती. शोभानं दार उघडलं आणि ती ओरडली नाही, नुसती मागं सरकली. उंबऱ्यात पऱ्हाटीची जुडी होती. मी गल्लीत पाहिलं. प्रत्येक घरासमोर एकेक. वाळलेल्या नव्हत्या त्या. ताज्या उपटलेल्या, मुळांना माती, शेंड्याला पानं, आणि अजून न वेचलेला कापूस बोंडांतून बाहेर आलेला. फुटत्या कापसाची पऱ्हाटी कोणी उपटत नाही. माणसं दारांत उभी होती, पाच वर्षांपूर्वी उभी होती तशीच, फक्त या वेळी जो तो आपापल्या उंबऱ्याकडं पाहत होता. जुडीला कोणी हात लावला नाही. शेजारच्यानं मला हळूच विचारलं, "किसनभाऊ, पहिले कोणाचं घर पेटवतीन?"

मी खरंच घाबरलो होतो. आवाज माझा होता, पहिलं घर माझंच असणार. पायांत चपला न घालता मी उत्तमकडं गेलो. तो चुलीजवळ बसला होता. हाताला चीक आणि माती.

"तूच टाकल्या?"

"हाव."

"काऊन?"

त्यानं हाताची माती झटकली. "मायनं सांगितलं होतं. साऱ्या गल्लीचं उसनं आहे. माही पऱ्हाटी निघाली की घरोघरी दे." मग म्हणाला, "तवा देता नाही आलं. डोळ्यासमोर जे उभं होतं ते उपटलं."

"लोक वेगळं समजून राह्यले, उत्तम."

"काय समजून राह्यले?"

मी बाहेर गल्लीकडं बोट केलं. त्यानंच विचारलं, "मायले जे समजलं ते काऊन नाही समजत त्यायले?"

तो हसला नाही. रागावलेलाही दिसला नाही. मी गल्लीत येऊन सगळ्यांना सांगितलं की हे मायचं उसनं आहे, दुसरं काही नाही. लोकांनी ऐकून घेतलं, माना हलवल्या. जुड्या आत कोणी नेल्या नाहीत. शोभानंही नाही. ती म्हणते, "तो म्हणते ते खरंच असंल. पण साहेबानं काय सांगितलं ते पण ऐकलं ना आपण."

तर साहेब, एवढ्यासाठी हा कागद. तुम्ही उद्या माझ्या दुकानात आभाराचं रेकॉर्डिंग करायला येणार आहात, मग नागपूरला अधिवेशनाला जाणार आहात. कोणी रस्ता खाल्ला असेल तर रस्ता खाल्ला म्हणा, नाव घ्या, कागद दाखवा, कोर्टात न्या, मी भोंगा फुकट देतो. पण माणसाला अळी म्हणू नका, कीड म्हणू नका, तण म्हणू नका. आम्ही शेतकरी माणसं आहोत. या गोष्टींचं काय करायचं असतं हे आम्हाला शिकवावं लागत नाही, हात आपोआप चालतात. आणि कुणाचं नाव न घेता बोललात की कुणी वाचेल असं समजू नका. नाव आम्ही भरतो. बोलायच्या आधी एकदा माझ्या वावरात येऊन उभे राहा आणि तुमचंच भाषण तिथून ऐका. शेवटचा शब्द कोणता येतो तेवढा पाहा.

गोधड्यांच्या खोलीत मी स्टूल पुसून ठेवलंय. माझ्या दारातली जुडी मी तिथं आणून माइकशेजारी उभी केली आहे. गल्लीतल्या बाकीच्या अजून उंबऱ्यांतच आहेत, त्यांच्यावरचा कापूस रोज थोडा थोडा उघडतो आहे आणि कोणी तो वेचत नाही. त्या अजून ओल्या आहेत, साहेब. सरपणाला घ्यायच्या म्हटलं तरी अजून पेटणार नाहीत. नागपूरहून तुमचं भाषण गावात येईपर्यंत वाळतील.